डेसिबल विचाराल तेव्हा अंतरही विचारा

वाचकाचं पत्र: धायरीत माझा छोटा फॅब्रिकेशनचा व्यवसाय आहे. मी, दोन वेल्डर आणि तीन हेल्पर. एरंडवण्यात एका रुग्णालयाला बाहेरून लोखंडी जिना आणि मागच्या अंगाला शेड करून द्यायचं काम मिळालं आहे. चार-पाच महिने चालेल. माझ्याकडे दोन सिलिंडरचा जुना, उघडा डिझेल वेल्डिंग सेट आहे. पहिल्याच दिवशी पेशंटच्या नातेवाइकांनी तक्रार केली, पोलीस आले, काम बंद पडलं. आता सल्लागारांनी लेखी दिलंय की हद्दीवर 65 डेसिबलच्या वर आवाज जाता कामा नये. भोसरीचा एक विक्रेता म्हणतो 400 अँपिअरचा सायलेंट इंजिन वेल्डर घ्या, 75 डेसिबलचा आहे, ऐकूसुद्धा येत नाही. त्यासाठी कर्ज काढावं लागेल. धाकटा भाऊ म्हणतो जुन्या सेटलाच प्लायवूडचं खोकं करू. एक जण म्हणाला पेट्रोलचं मशीन घ्या. रात्री उरकून टाकलं तर चालेल का, असंही मनात येतं. काय करू?

उत्तर:

नमस्कार. कर्जाच्या कागदांवर अजून सही करू नका. आधी त्या विक्रेत्याकडे परत जा आणि विचारा: 75 डेसिबल मशीनपासून किती लांब उभं राहून मोजले, आणि तेव्हा मशीनवर लोड किती होता? ही दोन उत्तरं मिळाल्याशिवाय 75 या आकड्यावरून काहीही ठरवता येत नाही.

हे नीट समजून घ्या, कारण तुमचे पैसे इथेच वाचतील किंवा बुडतील. मोकळ्या जागेत मशीनपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे अंतर सांगितल्याशिवाय दिलेला आकडा अर्धाच. आपल्याकडे डिझेल जनसेटसाठी, म्हणजे डिझेल जनरेटरसाठी (त्यालाच डीजी म्हणतात), केंद्राचा नियम आहे: 1000 केव्हीएपर्यंतच्या क्षमतेचा, 1 जानेवारी 2005 नंतर बनलेला सेट कॅनोपीपासून, म्हणजे त्याच्यावरच्या आवाज अडवणाऱ्या खोक्यापासून, 1 मीटरवर 75 डेसिबलच्या आत असला पाहिजे. सायलेंट डीजीवाल्यांच्या तोंडी असलेला 75 तो हाच. इंजिन वेल्डरच्या, विशेषतः जपानी मशीनच्या माहितीपत्रकात मात्र बहुतेक वेळा 7 मीटरवरचा आकडा असतो. आणि युरोपात विकल्या जाणाऱ्या मशीनवर तिसराच आकडा चिकटवलेला दिसतो, ‘एलडब्ल्यूए 97’ वगैरे. तो कुठल्याच अंतरावरचा नसतो. मशीन एकूण किती ध्वनिशक्ती बाहेर टाकतं, ते तो सांगतो. त्यातून ढोबळ 25 वजा केले की मोकळ्या जमिनीवर 7 मीटरवरचा आवाज मिळतो, म्हणजे 97चं मशीन तिथे 72 दाखवील.

आता तुमच्या साइटचा हिशोब करू. समजा मशीनपासून हद्दीची भिंत 20 मीटरवर आहे. विक्रेत्याचे 75 डेसिबल 1 मीटरवरचे असतील, तर हद्दीवर पंचावन्न-सत्तावन्नच्या आसपास आवाज पोचेल (मोठ्या कॅनोपीच्या अगदी जवळ आवाज हळू उतरतो, म्हणून तिथे 6 डेसिबलचा हिशोब पहिल्या मीटरपासून लागू होत नाही) आणि तुम्ही 65च्या बऱ्यापैकी खाली राहाल. तेच 75 डेसिबल 7 मीटरवरचे असतील, तर हद्दीवर 66 पडतील आणि करार पहिल्याच दिवशी मोडेल. 10 डेसिबल वाढले की माणसाच्या कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे माहितीपत्रकावर एकच आकडा असलेल्या दोन मशीनपैकी एक तुमचं काम तारू शकतं आणि दुसरं बुडवू शकतं.

लोडचं तसंच. काही पत्रकांतला आकडा इंजिन रिकामं चालत असतानाचा असतो. आर्क पेटल्यावर इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर डिझेल वाढवतो, फॅन आणि एक्झॉस्ट दोघांचा आवाज चढतो. म्हणून विक्रेत्याला सांगा की साधारण तीन चतुर्थांश लोडवर, चारही बाजूंनी, 7 मीटरवर मोजून दाखवा. चारही बाजूंनी यासाठी की रेडिएटरची गरम हवा जिथून बाहेर पडते त्या बाजूला आवाज जवळजवळ नेहमीच सगळ्यात मोठा असतो, आणि दुकानात मशीन उभं करताना नेमकी तीच भिंतीकडे केलेली असते.

पण त्याआधी एक मूळ शंका. तुम्हाला 400 अँपिअर कशाला हवेत? बाहेरचा जिना आणि शेड म्हणजे चॅनेल, अँगल, चेकर्ड प्लेट, पर्लिन. हे काम दहा गेजच्या, म्हणजे 3.15 मिलिमीटरच्या रॉडने होतं. क्वचित बेसप्लेटला 4 मिलिमीटरची लागेल. दहा गेजच्या 7018 जातीच्या रॉडला 110 ते 140 अँपिअर पुरतात आणि तेव्हा आर्कचा व्होल्टेज पंचविसाच्या आसपास असतो. 130 गुणिले 25 म्हणजे सव्वातीन किलोवॅट. 4 मिलिमीटरची रॉड 180 अँपिअरवर चालवली तरी पाच किलोवॅटच्या आत. 400 अँपिअरच्या मशीनचं इंजिन चौदा-साडेचौदा किलोवॅट आर्कला देता येतील अशा बेताने बसवलेलं असतं. ती ताकद गॉजिंगला (आर्कने धातू कोरून काढायला), जाड पाइपला, लांब केबलवरच्या अवजड कामाला लागते. तुम्ही सव्वातीन किलोवॅटसाठी ते इंजिन दिवसभर फिरवणार, त्याचा आवाज पेशंटला ऐकवणार आणि डिझेल जाळणार. शिवाय डिझेल इंजिन महिनोन्‌महिने तीस टक्क्यांहून कमी लोडवर चाललं की सायलेन्सरमध्ये काजळी आणि न जळलेलं डिझेल साचतं, सिलिंडरचे लायनर गुळगुळीत होतात, इंजिन तेल पिऊ लागतं. गरजेपेक्षा मोठं मशीन इंजिनालाच मानवत नाही.

माझा स्पष्ट कल सांगतो. शहरातल्या, आवाजावर बंधन असलेल्या अशा कामाला इंजिन वेल्डर हा तिसरा पर्याय आहे. पहिला पर्याय वीज. रुग्णालयात थ्री-फेज पुरवठा असतोच. त्यांच्या विद्युत देखभाल विभागाकडून स्वतंत्र फीडर (वीजवाहिनी) मागा, वेगळा मीटर आणि वेगळं संरक्षण असलेला, आणि बिल तुम्ही भरा. जवळ दिसलेल्या सॉकेटला किंवा कुठल्याही बोर्डाला वायर जोडू नका. कुठल्या बोर्डावर व्हेंटिलेटर आहेत ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. तिथून मिळत नसेल तर मुख्य ठेकेदारामार्फत महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन मागता येतं. कागदपत्रांत वेळ जातो, पण काम चार-पाच महिन्यांचं आहे, त्यामुळे खटपट वाया जाणार नाही. चांगलं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन विजेवर चालतं तेव्हा त्याचा पंखा सोडला तर आवाज नाही.

दुसरा पर्याय: सायलेंट डीजी भाड्याने आणि त्यावर दोन इन्व्हर्टर मशीन. दहा गेजवर एक इन्व्हर्टर साधारण साडेपाच-सहा केव्हीए घेतं. दोन मशीन, एखादं हत्यार आणि दिवे धरले तर बारा-चौदा केव्हीए होतात. रॉड चिकटली किंवा आर्क पेटवताना करंट उसळला तर सेटने मान टाकू नये, म्हणून 20 केव्हीएचा सेट घ्या. 15चा ओढाताणीने चालेल, 40चा नको. 1500 आरपीएमचा, पाण्याने थंड होणारा सेट मागा. 3000 आरपीएमवर फिरणारी, हवेने थंड होणारी छोटी इंजिनं कॅनोपी घातली तरी किंचाळतात, आणि तो चढा सूर बंद खिडकीच्या फटीतूनही आत येतो. सेटचं टाइप अप्रूव्हल प्रमाणपत्र, म्हणजे ते मॉडेल चाचणीत नियमात बसल्याचं प्रमाणपत्र, पाहायला मागा. अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, आपल्या कोथरूडच्या टेकडीवरच आहे. डिझेल इंजिनं हा तर पुण्याचा जुना धंदा. खडकीची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 सालची. त्यामुळे या शहरात चांगला सायलेंट सेट आणि तो उघडून दुरुस्त करणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही.

हा पर्याय मला इंजिन वेल्डरपेक्षा सरस वाटतो त्याचं खरं कारण केबल आहे. आवाजावर सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे मशीन लांब ठेवणं. पण इंजिन वेल्डर लांब ठेवलात की वेल्डिंगच्या लीड लांबतात. 130 अँपिअर, मशीन 50 मीटरवर, म्हणजे जाण्या-येण्याची 100 मीटर केबल. 35 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये सात व्होल्ट वाटेतच जातील. पंचविसातले सात! रॉड चिकटते, वेल्डर करंट वाढवतो, इंजिन आणखी ओरडतं. चार व्होल्टच्या आत राहायचं तर 70 चौरस मिलिमीटर तांबं ओढावं लागेल. ते पैशाने आणि वजनाने दोन्हीकडून जड पडतं. ॲल्युमिनियमची केबल स्वस्त म्हणून घेतलीत तर तूट दीडपटीहून जास्त. याउलट डीजी 50 मीटरवर ठेवून थ्री-फेजची 6 चौरस मिलिमीटर तांब्याची चार कोअर केबल ओढली आणि इन्व्हर्टर वेल्डरच्या शेजारी ठेवलं, तर लाइनला पंधरा अँपिअरच्या आसपास करंट जातो आणि तूट अडीच व्होल्ट. 230 मधले अडीच कुणाला कळतही नाहीत. म्हणजे डीजी रुग्णालयाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात, पार्किंगच्या बाजूला रस्त्याकडे तोंड करून उभा करता येतो आणि वेल्डरला वर जिन्यावर पूर्ण ताकद मिळते. केबल मात्र आर्मर्ड असो किंवा पाइपातून न्या, वॉर्डबॉय आणि स्ट्रेचरच्या वाटेत आडवी टाकू नका. सेटला नीट अर्थिंग करा आणि आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा.

इंजिन वेल्डर कुणाला शोभतो? ज्याला रोज जागा बदलायची आहे त्याला: पाइपलाइनवाला, रस्त्याकडेचे गार्डरेल लावणारा, जिथे वीज नाही आणि गॉजिंगही आहे असा. उद्या तुमचं काम त्या दिशेला गेलं आणि घ्यायची वेळ आलीच, तर पाण्याने थंड होणारं 1500 आरपीएमचं किंवा लोडप्रमाणे वेग बदलणारं मशीन पाहा. चांगल्या जपानी सायलेंट मशीनच्या पत्रकात 7 मीटरवर साठीच्या आसपासचे आकडे दिसतात, ते शक्य आहे हे लक्षात ठेवूनच घासाघीस करा. ऑटो आयडल ही सोय सगळे विक्रेते वाखाणतात: आर्क थांबला की इंजिन हळू होतं. डिझेल वाचतं हे खरं. पण रुग्णालयाशेजारी मला ती नकोशी वाटते. एकसुरी घरघर माणसाचं डोकं काही वेळाने बाजूला टाकतं, दर मिनिटाला चढणारा आणि पडणारा सूर टाकत नाही. नुकतं ऑपरेशन झालेल्या माणसाला तर अजिबात नाही. थोडा वेळ काम थांबलं की इंजिन पूर्ण बंद करणारी सोय मिळाली तर ती घ्या.

पेट्रोलचं मशीन सुचवणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पेट्रोल इंजिनाची ठकठक डिझेलपेक्षा कमी असते, पण वेल्डिंगची ताकद देणारी छोटी पेट्रोल मशीनं जोरात फिरतात. आणि सुटकेससारखे शांत पेट्रोल इन्व्हर्टर जनरेटर दोन किलोवॅटचे असतात, त्यावर तुमची दहा गेज पेटणार नाही. रुग्णालयाच्या आवारात पेट्रोलचे कॅन साठवण्याची जोखीम वेगळीच. नको. बॅटरीवर चालणारी वेल्डिंग मशीनं आता मिळतात. एका चार्जिंगला मोजक्याच रॉड चालतात, पण खिडकीच्या अगदी जवळच्या दोन-चार टॅकसाठी (छोट्या टाक्यांसाठी) भाड्याने मिळालं तर जरूर वापरा.

रात्रीचं काम करू नका. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत 2010 साली दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं वापरायलाच मनाई आहे. मशीन कितीही सायलेंट असलं तरी.

याच नियमांतली दुसरी गोष्ट तुमच्या करारातून सुटलेली दिसते. दिवसासाठी निवासी भागात 55, व्यापारी भागात 65 आणि शांतता क्षेत्रात 50 डेसिबल अशा परिसराच्या मर्यादा आहेत. रात्री प्रत्येकी 10 कमी. म्हणजे सल्लागारांनी लिहिलेला 65 हा आकडा व्यापारी भागाचा दिसतो. रुग्णालयाभोवतीचं 100 मीटरपर्यंतचं क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून धरलं जातं, पण राज्य सरकारने तसं घोषित केलेलं असावं लागतं अशी 2017 सालची दुरुस्ती आहे. तेव्हा तुमची साइट घोषित क्षेत्रात येते का, हे ठेकेदारामार्फत महापालिका किंवा पोलीस आयुक्तालयाकडून लेखी घ्या. 65 पाळले म्हणून पोलीस परत येणार नाहीत, असं गृहीत धरू नका. आणि हद्दीवरचा आकडा हा शेजाऱ्यांसाठी आहे. पेशंट हद्दीवर झोपत नाही. तुमच्या जिन्यापासून वॉर्डाची खिडकी तीन मीटरवर असेल तर खरी मर्यादा ती खिडकी आहे, कराराच्या कागदावर काहीही लिहिलेलं असो.

इथे त्या गोष्टीकडे येतो जिच्याबद्दल तुमच्या पत्रात एक शब्दही नाही, आणि माझ्या मते तीच खरी अडचण आहे. ग्राइंडर.

हिशोब पाहा. चार इंची ग्राइंडर प्लेटवर चालतो तेव्हा 1 मीटरवर 95 डेसिबल धरायला हरकत नाही, बऱ्याचदा जास्तच. 16 मीटरवर तो 71 होतो. तुमचा सायलेंट डीजी त्याच अंतरावर 57. म्हणजे तुम्ही कर्ज काढून जगातलं सगळ्यात शांत मशीन आणलंत तरी ग्राइंडर चालू झाल्याबरोबर ते पैसे मातीत. कटऑफ मशीनचं तेच, हातोड्याचं तेच, ट्रकमधून चॅनेल खाली फेकण्याचं तर त्याहून वाईट. पोलीस ज्या दिवशी आले त्या दिवशी नातेवाइकांना नक्की काय ऐकू आलं होतं, ते एकदा त्यांनाच जाऊन विचारा. सेट होताच, पण सेट एकटा नसावा.

म्हणून जिना धायरीतच बनवा. पूर्ण. एकेक फ्लाइट, लँडिंग, रेलिंगचे पॅनेल वर्कशॉपमध्ये वेल्ड करून, ग्राइंड करून, भोकं पाडून, रंग देऊन आणा आणि साइटवर बोल्टने जोडा. यासाठी मापं काटेकोर घ्यावी लागतील, ड्रॉइंग करावं लागेल, क्रेन किंवा चेनपुलीचा खर्च येईल. तो खर्च करा. साइटवरचं वेल्डिंग चार महिन्यांवरून काही आठवड्यांवर येईल, आणि मग वीज किंवा भाड्याचा डीजी यावरच सगळं भागेल. बोल्ट आवळायला इम्पॅक्ट रेंच नको, हाताचा टॉर्क रेंच घ्या. भिंतीत अँकर बसवताना हॅमर ड्रिलचा ठोका स्लॅबमधून थेट वरच्या मजल्यावरच्या खाटेपर्यंत जातो. तिथे पाण्यावर चालणारं डायमंड कोअर ड्रिल भाड्याने आणा, त्यात ठोका नसतो. जे थोडं ग्राइंडिंग साइटवर उरेल त्याला फ्लॅप डिस्क वापरा आणि प्लेट मोकळी ठेवून घासू नका, तिच्याखाली वाळूची पोती द्या. मोकळी प्लेट घंटेसारखी वाजते. हेल्परना कानाला मफ द्या. आवाज सगळ्यात जवळून त्यांनाच लागतो आणि ते तक्रार करत नाहीत.

डीजी कुठे ठेवायचा, याकडे लक्ष द्या. दोन इमारतींमधल्या बोळात ठेवलात तर वर सांगितलेला 6 डेसिबलचा हिशोब कोलमडतो, आवाज भिंतींवर आपटून तसाच वर चढतो. अंतर्गत चौक तर त्याहून वाईट. मोकळ्या बाजूला, जमिनीवर, रबरी पॅडवर ठेवा. गच्चीवर किंवा पोडियमच्या स्लॅबवर नको, कारण थरथर खाली उतरते. एक्झॉस्टचं तोंड आणि रेडिएटरची बाजू खिडक्यांकडे पाठ करून. एसीची ताजी हवा जिथून आत ओढली जाते ती जाळी शोधा आणि तिच्यापासून सेट दूर ठेवा, नाहीतर डिझेलचा धूर आयसीयूत जाईल. मेडिकल गॅसची पाइपलाइन आणि ऑक्सिजनचा साठा कुठे आहे ते देखभाल विभागाकडून नकाशावर दाखवून घ्या आणि हॉट वर्क परमिटशिवाय, म्हणजे ठिणग्यांच्या कामाच्या लेखी परवानगीशिवाय, रॉड पेटवू नका. अर्थचा क्लँप नेहमी जोडाच्या जवळ, त्याच जॉबवर लावा. लांबच्या खांबाला किंवा पाइपला लावलात तर वेल्डिंगचा करंट इमारतीच्या सळ्यांतून आणि गॅसच्या पाइपांतून वाट काढतो. रुग्णालयात ही चूक परवडणारी नाही.

भावाचं प्लायवूडचं खोकं अजिबात नको. त्याची धडपड पैसे वाचवायची आहे, ते मला कळतं. पण बंद खोक्यात इंजिनाला गार हवा मिळत नाही, गरम हवा फिरून रेडिएटरवरच येते आणि हेड गॅस्केट जातं. एक्झॉस्टची लोखंडी नळी प्लायला टेकली तर आग. दार उघडून आत गेलेला हेल्पर कार्बन मोनॉक्साइडने पडू शकतो, त्या वायूला वास नसतो. कारखान्यातली कॅनोपी म्हणजे नुसतं झाकण नसतं. हवा आत यायला आणि बाहेर जायला वळणावळणाचे मार्ग असतात, आतून अस्तर असतं, आणि इंजिनाला किती हवा लागते याचा हिशोब केलेला असतो. घरी करण्यासारखं काही असेल तर ती आडभिंत: सेट आणि खिडकी यांच्यामध्ये, सेटपासून मीटर-दीड मीटर सोडून, सेटपेक्षा उंच, जाड प्लायची, खाली फट न ठेवता, सेटकडच्या बाजूला रॉकवूल लावलेली. वरून आणि बाकीच्या बाजूंनी पूर्ण उघडी. खिडकीतून सेट दिसत नसेल एवढी उंच झाली तर 5 ते 10 डेसिबल कमी होतात. मात्र वरच्या मजल्यांना तिचा उपयोग नाही, त्यांना सेट दिसतच राहतो.

मोजायला साधं साउंड लेव्हल मीटर घ्या. मोबाइलचं ॲप अंदाजाला ठीक, वादात टिकत नाही. आधी मशीन बंद असताना परिसराचा आवाज मोजा आणि लिहून ठेवा. कर्वे रस्त्याच्या जवळपास असाल तर दिवसा नुसत्या वाहतुकीचाच आकडा 65च्या वर निघू शकतो, आणि मग तुम्ही काहीही न करता करार मोडल्यासारखं दिसेल. सल्लागारांशी हे आत्ताच बोला: कुठल्या बिंदूंवर मोजायचं, किती मिनिटांची सरासरी घ्यायची, आणि परिसराचाच आवाज जास्त असेल तर काय धरायचं, हे तिन्ही लेखी घ्या. आणखी एक. हे मीटर ‘ए’ मोजपट्टीवर चालतं आणि ती खर्जातला आवाज कमी धरते. मीटरवर 55 असूनही कुणी म्हणालं की भिंतीतून घरघर येतेय, तर त्याला खोटं पाडू नका. मीटर ‘सी’वर करून पाहा. आकडा पंधरा-वीसने उडी मारत असेल तर तक्रार खरी आहे, सेट हलवा किंवा पॅड बदला.

शेवटी एक काम मशीनशिवायचं. त्या मजल्याच्या सिस्टरना भेटा. कुठल्या वेळी पेशंट झोपतात, राउंड कधी असतो, कुठल्या खोलीत कोण गंभीर आहे हे त्यांना ठाऊक असतं. दुपारचे दोन तास ग्राइंडर आणि ड्रिल पूर्ण बंद ठेवायचं कबूल करा, त्या वेळात मापं, फिटिंग आणि रंगाचं काम काढा, आणि तुमचा फोन नंबर त्यांच्या टेबलावर लिहून ठेवा. त्यांनी फोन केला तर पाच मिनिटांत मशीन बंद झालं पाहिजे. असं ठरलेलं असलं की तक्रार पोलिसांकडे जायच्या आधी तुमच्याकडे येते.

जुना सेट विकू नका, त्याला फारशी किंमतही येणार नाही. सायलेन्सर गंजला असेल तर नवा घाला, पण त्याने फार फरक पडेल अशी आशा ठेवू नका: एक्झॉस्ट आणि फॅन दोघांचा आवाज सारखा असेल तर एकाला पूर्ण गप्प केलं तरी एकूण आवाज फक्त 3 डेसिबलने कमी होतो. चाकण किंवा रांजणगावला औद्योगिक वसाहतीत, जिथे दिवसाची मर्यादा 75 आहे आणि आसपास वस्ती नाही, तिथे तो अजून काही वर्षं तुम्हाला काम देईल.